वीज, ऊन आणि मत: उमेदवारांच्या भूमिका ताडायच्या तर कशावर? (खान्देश)

वाघूरकाठ (धागा सुरू)

१३ मे २०२४ ला जळगाव, रावेर आणि नंदुरबार लोकसभेचं मतदान झालं, २० मे ला धुळ्याचं. २५ मे पासून जळगाव जिल्ह्यात कलम १४४ लागलं, आणि कारण होतं ऊन. भर दुपारी मजुरांकडून उघड्यावर काम करून घेऊ नका, क्लासच्या वेळा बदला, असे आदेश निघाले. म्हणजे अख्खा प्रचार त्याच तापत्या दिवसांत झाला. मी ऐकलेल्या भाषणांत बिल निघालं, कापूस निघाला, केळी निघाली, उन्हाचा विषय मात्र कुणी काढला नाही. हे तेव्हापासून टोचतंय, म्हणून हा धागा.

कुणाला मत द्या हे इथे सांगायचं नाही. उमेदवार दारात आला की वीज आणि हवामानाबद्दल त्याला काय विचारायचं आणि दोघांची उत्तरं शेजारी ठेवून कशी ताडायची, एवढंच ठरवू.

आधी जाहीरनामे. राष्ट्रीय पातळीवर भाजपची भूमिका म्हणजे २०२१ ला ग्लासगोत जाहीर झालेलं २०७० चं नेट झिरो (जेवढं उत्सर्जन तेवढंच शोषून घ्यायचं), २०३० पर्यंत ५०० गिगावॅट बिगर-जीवाश्म क्षमता आणि छतावरच्या सौर पॅनेलच्या सूर्यघर योजनेतून घरगुती बिल शून्यावर आणणं. काँग्रेसच्या २०२४ च्या न्यायपत्रात ग्रीन ट्रान्झिशन फंड होता, पर्यावरण आणि हवामान बदलासाठी स्वतंत्र प्राधिकरण होतं, आणि उद्दिष्टाचं साल पुन्हा २०७० च. एकाचा भर पॅनेलवर आणि मोठ्या प्रकल्पांवर, दुसऱ्याचा निधीवर आणि देखरेखीवर. फरक आहे, पण २०७० ला आपल्यातले किती जण असणार? विधानसभेला तर दोन्हीकडून बिलावरच बोली लागली. महायुतीनं बिलात ३० टक्के कपात आणि सौरवर भर असं वचन दिलं, महाविकास आघाडीनं ३०० युनिटपर्यंत वापरणाऱ्यांना १०० युनिट माफ म्हटलं. तापी, भुसावळजवळचं दीपनगरचं औष्णिक केंद्र, साक्री, अक्राणी यांचं काय, हे त्यातून कळत नाही. ते उमेदवारालाच विचारावं लागतं.

आणि विचारताना तो कोणत्या पदाला उभा आहे ते आधी पाहावं. नगरसेवकाला कोळशाबद्दल विचारलं तर तो हात वर करणार आणि ते बरोबरच आहे. वीज हा समवर्ती सूचीतला विषय. कोळसा, प्रदूषणाचे निकष, केंद्राची अनुदानं ही खासदाराच्या अंगणातली गोष्ट, शिवाय केंद्राच्या योजनांचा आढावा घेणाऱ्या जिल्ह्याच्या दिशा समितीचं अध्यक्षपद खासदाराकडेच असतं. महानिर्मिती, महावितरण, कृषिपंप, सौर वाहिनीसाठी गावाची जमीन हे आमदाराचं. जिल्हा नियोजन समितीतून रोहित्रं बसतात, शाळांवर पॅनेल बसू शकतात. झाडं, सावली, दवाखान्यातली उष्माघाताची सोय हे पालिकेचं आणि जिल्हा परिषदेचं.

माझ्याकडून तीन प्रश्न टाकते.

आमदारकीच्या उमेदवाराला: मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ अशी पाच वर्षांसाठी आहे. मार्च २०२९ संपला की लगेच लोकसभेची निवडणूक येते. एप्रिलपासून बिल कोण भरणार, शेतकरी की तिजोरी? की तोवर दिवसाची सौर वीज इतकी वाढलेली असेल की सरकारला ती परवडेल? यातलं एक उत्तर हवं. "शेतकऱ्यांच्या पाठीशी आहोत" हे उत्तर धरायचं नाही.

खासदारकीच्या उमेदवाराला: औष्णिक केंद्रांच्या धुरातला गंधक काढायची यंत्रणा, म्हणजे एफजीडी, बसवण्याचा नियम २०१५ चा. जुलै २०२५ मध्ये पर्यावरण मंत्रालयानं देशातल्या जवळपास ७८ टक्के संचांना त्यातून सूट दिली. तुम्हाला ती मान्य आहे का, आणि मान्य असेल तर भुसावळच्या माणसाला कारण काय सांगाल?

नगरसेवकाला: मे महिन्यात दुपारी एक ते चार हातगाडीवाला, हमाल, बांधकामावरची बाई यांनी कुठे बसायचं?

बाकीचे प्रश्न ज्याच्या त्याच्या भागातून येऊ द्या.

---

रावेर_केळी

ताई, धागा वेळेवर काढला. आमच्याकडची खरी अडचण साडेसातच्या त्या रेषेवरच आहे.

रावेर-यावल पट्ट्यात भूजलाचा उपसा भरण्यापेक्षा जास्त. सरकारच्याच वर्गीकरणात हे तालुके अतिशोषित म्हणून येतात. पाणी दरवर्षी खाली जातं, तशी बोअर खोल करायची, पाईप वाढवायचे आणि मोटर मोठी बसवायची. साडेसातची मोटर जिथे पुरत नाही तिथे दहाची, बाराची बसते आणि तो शेतकरी मोफत विजेतून बाहेर पडतो. म्हणजे पाणी सर्वात खोल गेलेल्या माणसाला बिल आहे, आणि ज्याला नाही तो मीटरकडे न पाहता उपसतो. दोघांचं पाणी एकाच थरातलं. मोफत वीज देणारा उमेदवार पाणी भरायचं काय करणार हे सांगत नसेल तर त्याचं आश्वासन अर्धंच आहे.

तापी मेगा रिचार्जचा करार मध्य प्रदेश आणि महाराष्ट्रात १० मे २०२५ ला झाला. सातपुड्याच्या पायथ्याशी पुराचं पाणी जमिनीत मुरवायची ती योजना, आमच्या आजोबांच्या पिढीनं जिचं नाव ऐकलं नव्हतं पण जी आम्हाला हवीच आहे. माझा प्रश्न असा लिहा: मेगा रिचार्जचं पहिलं काम आमच्या तालुक्यात कधी सुरू होणार, आणि त्याआधी नाल्यांवर बंधारे कोण बांधणार? शिरपूरला नाले खोल-रुंद करून पाणी मुरवून दाखवलंय, म्हणजे थांबायचं कारण नाही.

दुसरं म्हणजे फळपीक विमा. आमचा विमा हवामानावर आहे. महसूल मंडळातल्या केंद्रावर ठरलेल्या अंशाच्या वर पारा सलग ठरलेले दिवस राहिला तर पैसे, मध्ये एक दिवस पारा घसरला तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. केळीचं पान त्या एका दिवसानं सावरत नाही. उन्हानं पान करपतं, घड सटकतो, आणि मे-जूनच्या वादळात निसवलेली, म्हणजे घड लागलेली, बाग आडवी होते ती वेगळीच. गेल्या काही वर्षांत आमच्या शिवारात वारा होता आणि केंद्रावर नोंदच झाली नाही असं घडलंय. केंद्र मंडळाच्या गावी, वावर दहा-बारा किलोमीटरवर. तेव्हा प्रश्न: गावागणिक हवामान केंद्र कधी? हवामान बदल म्हणजे आमच्यासाठी हे.

---

अहिराणी_बोल

आमना तिकडे रातले लाईट येस, दिनले जास. रातले बारा वाजता वावरमा पानी भराले कोन जाई? बिबट्या शे, साप शे. उमेदवारले एकच इचारा, दिनले लाईट कव्हय देशी?

---

निवृत्त_लाईनमन

अहिराणी भाऊंचा प्रश्न सर्वात मोलाचा आहे आणि आता त्याला उत्तर आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शेतीला थ्री-फेज आठ तास, काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, असा फेरा वर्षानुवर्षं चालत आला. कारण सोपं होतं. दिवसा कारखाने, कार्यालयं, दुकानं सगळी विजेवर, रात्री मागणी उतरते, मग उरलेली वीज शेतीकडे. कोळशाचा संच रात्री बंद करून सकाळी पुन्हा चालू करणं परवडत नाही, म्हणून शेतकऱ्याला रात्री उठवलं. सौर आल्यावर चित्र फिरलं. आता सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच वीज भरपूर असते आणि खेच पडते ती सूर्य मावळल्यावर. घरगुती ग्राहकाला टीओडी मीटरवर, म्हणजे वेळेनुसार वापर मोजणाऱ्या मीटरवर, दिवसाच्या वापरात सवलत सुरू झाली ती यामुळेच. शेतीला दिवसा वीज देणं आता उपकार राहिलेला नाही, यंत्रणेलाही तेच सोयीचं आहे.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी २.० याच हिशेबावर उभी आहे. उपकेंद्राच्या जवळ पॅनेल लावायचे, त्यावर शेतीचे फीडर, म्हणजे उपकेंद्रातून शेतीकडे जाणाऱ्या वाहिन्या, चालवायचे. जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख आणि दरसाल ३ टक्के वाढ, ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख असे तीन वर्षं. राज्याचं लक्ष्य आधी ७,००० मेगावॅट होतं, पुढे १६,००० झालं.

मग उमेदवाराला विचारायचं ते फीडरचं नाव घेऊन. "आमचं गाव अमुक फीडरवर आहे, तो सौरवर आला का, नसेल तर कोणत्या उपकेंद्राजवळ जागा अडली आहे?" ज्यानं काम केलंय त्याला हे तोंडपाठ असतं.

मात्र "मी बिल कमी करीन" असं आमदार म्हणाला तर त्याला थांबवा. दर ठरवतो तो वीज नियामक आयोग. सरकार अनुदान देऊ शकतं, आयोगाच्या आदेशावर सही करू शकत नाही. आयोग दर ठरवताना हरकती मागवतो आणि जाहीर सुनावणी घेतो, आपल्याला जवळचं ठिकाण नाशिक. कुणीही साधा ग्राहक लेखी हरकत देऊ शकतो. उमेदवाराला विचारा, मागच्या सुनावणीत तुम्ही खान्देशातल्या ग्राहकांच्या वतीनं एक कागद तरी दिला होता का?

---

आलेख

सगळं वाचतोय. पण स्पष्ट बोलतो. मत जातं ते जात, गट, नातं आणि पक्ष पाहून. या प्रश्नांनी एक मत इकडचं तिकडे होणार नाही. दुसरं, भारताचं माणशी उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहूनही कमी आहे. ज्यांनी दीडशे-दोनशे वर्षं कोळसा जाळला त्यांनी आधी थांबावं. आमच्या पोरांना कामधंदा हवा, दीपनगरला आणखी दोन संच आणणारा नेता मला चालेल.

---

वाघूरकाठ

आलेखभाऊ, उत्सर्जनाबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि कोणत्याही आंतरराष्ट्रीय बैठकीत भारतानं ते ठासूनच सांगावं. पण मी वर विचारलेल्या एकाही प्रश्नात "तुम्ही कमी जाळा" असं नाही. कोळसा कुणी का जाळला असेना, मे महिन्यात भट्टीत आपण आहोत. दिवसाची वीज, विम्याचं केंद्र, दुपारची सावली, धुरातला गंधक, हे मागायला आधी आपण गुन्हेगार ठरायची गरज नाही.

मतांबद्दल म्हणाल तर २०२४ ला धुळे लोकसभेचा निकाल ३,८३१ मतांनी लागला. चार-पाच मोठ्या गावांनी मिळून एकच प्रश्न लावून धरला तर उमेदवाराला ऐकावंच लागेल इतकंच ते अंतर आहे.

दीपनगरबद्दल मात्र तिथलं कुणी बोलावं.

---

दीपनगर_गेट

बोलतो. घरातली दुसरी पिढी ठेकेदारीवर तिथे काम करते आहे.

इथे ५०० मेगावॅटचे दोन संच आहेत, २१० चा एक जुना आहे, त्याआधीचे बंद झाले, आणि ६६० चा नवा सुपरक्रिटिकल उभा राहिला. नवा संच तेवढ्याच विजेला कोळसा कमी खातो, हे बरं. पण आलेखदादा, नवा संच आला म्हणजे नोकऱ्या आल्या असं नसतं. जुन्या संचाला लागायची तितकी माणसं नव्याला लागत नाहीत, बरंचसं काम संगणकावर आणि उरलेलं ठेकेदाराकडे. आम्हाला उमेदवारांकडून "आणखी एक संच आणतो" हे ऐकायची सवय झालीये. पुढं काय हे कुणी बोलत नाही. २१० चा संच आज ना उद्या थांबणार. त्यावरची ठेक्याची माणसं कुठे जाणार? त्यांना सौरच्या देखभालीचं, सबस्टेशनचं प्रशिक्षण मिळणार का? प्रकल्पग्रस्तांच्या यादीतल्या पोरांचं वय उलटून चाललंय, त्यांचं काय? हा प्रश्न कोळशाच्या बाजूचाही नाही आणि विरोधातलाही नाही, तो पगाराचा आहे.

आता पाणी. दीपनगरचं पाणी हतनूरचं. त्याच हतनूरवर शेती, रेल्वे, वरणगावचा आयुध कारखाना आणि गावोगावच्या पाणीयोजना. धरण गाळानं भरत चाललंय हे आपण सगळे जाणतो. नव्या औष्णिक संचांना नियमानं एका मेगावॅट-तासाला जास्तीत जास्त ३ घनमीटर पाणी वापरता येतं. ६६० चा संच पूर्ण भारावर दिवसरात्र चालला तर गुणाकार करा: ४ कोटी ७५ लाख लिटरच्या घरात जातो, एका दिवसाला. हे कमाल आकडे आहेत, तरी मे महिन्यात हतनूरच्या पाण्यात पहिला हक्क कुणाचा, हे उमेदवारानं लोकांसमोर सांगावं. भुसावळ शहराच्या सांडपाण्यावर प्रक्रिया करून तेच पाणी संचाला द्यायचं, याला तुमचा पाठिंबा आहे का असंही विचारा. माझ्या मते या एका कामात शहर, शेती आणि केंद्र तिघांचं भलं आहे.

आणि राख. आपल्या कोळशात राख तीस-चाळीस टक्के. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे सगळी राख वापरात आणायची जबाबदारी केंद्रांवर आहे. विटा, सिमेंट, रस्त्याचा भराव, काहीही करा. खासदारानं संसदेत दरवर्षी विचारावं, किती राख निघाली, किती उचलली, उरलेली कुठे आहे. उत्तर रेकॉर्डवर येतं. आपल्या भागातून असा प्रश्न किती वेळा गेला हे संसदेच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं, तेव्हा विद्यमान खासदार पुन्हा उभा असेल तर ताडायला भाषणांची गरजच नाही.

---

आलेख

हे पगाराचं पटलं. पाण्याचा गुणाकार मी करून पाहिला, बरोबर आहे.

---

साक्रीकर

आतापर्यंत सौर म्हणजे सगळं गोड अशा सुरात चाललंय. साक्रीकडून थोडं कडू ऐका.

आमच्या शिवाजीनगरला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ पासून आहे. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या त्याहून आधीच्या. म्हणजे स्वच्छ वीज हा विषय देशभर गाजण्याआधीच आम्ही जमीन देऊन मोकळे झालो. दोन्ही वेळा जमिनीवरून आंदोलनं झाली, कारण ज्याला सरकारी भाषेत वन किंवा पडीक म्हणतात त्यावर कुणीतरी कसत होतं नाहीतर चारत होतं.

आणि शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणचे धर्मा पाटील. ८४ वर्षांचे शेतकरी, वीज प्रकल्पासाठी गेलेल्या जमिनीच्या मोबदल्यासाठी खेटे घालून थकले, जानेवारी २०१८ मध्ये त्यांनी मंत्रालयात विष घेतलं आणि २८ जानेवारीला ते गेले. त्या भागातली जमीन आधी औष्णिकसाठी मागितली होती, पुढे सौरचं नाव आलं. वीज काळी असो की पिवळी, शेतकऱ्याच्या दारात येणारा भूसंपादनाचा कागद तोच असतो. दोंडाईचा-शिंदखेड्यात मत मागायला येणाऱ्या कोणत्याही पक्षाच्या माणसानं आधी या कागदाबद्दल बोलावं.

लाईनमन नानांनी सांगितलेली वाहिनी योजना चांगली आहे. भाड्यानं जमीन, मालकी शेतकऱ्याची, हे संपादनापेक्षा शतपट बरं. पण जिथे खाजगी जमीन मिळत नाही तिथे गायरान दिलं जातंय. गायरान मोकळं दिसतं म्हणून ते रिकामं नसतं. आमच्याकडे ठेलारी मेंढपाळ आहेत, पावसाळ्यानंतर वाडे घेऊन बाहेर पडतात, परत येतात तेव्हा त्यांचा चारा त्या गायरानावर. तारेचं कुंपण पडलं की वाट बंद. ग्रामपंचायतीला ५ लाख मिळाले त्यातून मेंढपाळाला काय मिळालं?

माझा प्रश्न लिहून घ्या: सौरसाठी गायरान देण्याआधी ग्रामसभेत ठराव होईल का, आणि त्या सभेला चारणारे आणि कसणारे हजर राहतील अशा दिवसात ती घेतली जाईल का? दिवाळीनंतर मेंढपाळ बाहेर असताना ठराव करून घेतला तर तो ठराव आम्हाला मान्य नाही.

---

वाघूरकाठ

साक्रीकर, हा प्रश्न जसाच्या तसा घेतला. मला वाटतं आतापर्यंतचा हा सर्वात अवघड प्रश्न आहे, कारण सौरच्या बाजूचा उमेदवार आणि विरोधातला उमेदवार दोघेही त्याला बगल देऊ शकतात.

---

अक्राणीचा_मास्तर

नंदुरबारहून. नेटवर्क मिळेल तेव्हा वाचतोय, म्हणून उशीर.

इथले काही पाडे असे आहेत की उमेदवाराच्या वीजबिलाच्या घोषणेवर लोक एकमेकांकडे पाहतात. बिल यायला आधी तार यावी लागते. आणि ज्या नदीनं गुजरात, मध्य प्रदेश, महाराष्ट्र तिघांना वीज दिली ती नर्मदा याच डोंगरांच्या पायाशी आहे. सरदार सरोवरची जलविद्युत क्षमता १,४५० मेगावॅट, त्यातल्या विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. बुडालेली महाराष्ट्रातली गावं ३३, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणीची. मणिबेली त्यातलं पहिलं. खासदार-आमदाराला विचारायचा प्रश्न माझ्या मते हाच, की त्या २७ टक्क्यांतून या दोन तालुक्यांच्या पाड्यांना किती, आणि कधी?

बिलगावची आठवण इथे लिहून ठेवतो, तरुणांना माहीत नसेल. धडगाव (म्हणजेच अक्राणी) तालुक्यातल्या या गावात लोकांनी श्रमदान करून, बाहेरून आलेल्या दोन तरुण इंजिनिअरांच्या मदतीनं, २००३ मध्ये धबधब्यावर १५ किलोवॅटचं छोटं जलविद्युत केंद्र उभं केलं. पाटाचे दगड लोकांनी डोक्यावर वाहिले. गावात आणि आश्रमशाळेत दिवे लागले. तीनेक वर्षांत सरदार सरोवराच्या फुगवट्यात ते केंद्र बुडालं. इथला माणूस विजेच्या विरोधात नाही, त्याला स्वतःच्या ओढ्यावरची वीज करता येते हे त्यानं दाखवून दिलंय. म्हणून माझी मागणी "आम्हालाही ग्रीड द्या" एवढ्यावर संपत नाही. पाड्याच्या मालकीची सौर किंवा पाण्याची छोटी यंत्रणा, आणि ती बिघडली तर दुरुस्त करणारा माणूस तालुक्यात. दिलेले सौरदिवे बॅटरी गेल्यावर अडगळीत पडलेले मी शाळेच्या खोलीत पाहतो. पुरवठादार कुठला होता ते आता कुणालाच आठवत नाही. उमेदवार "सौरदिवे वाटले" म्हणाला की विचारा, आज त्यातले किती पेटतात?

---

मेहरूण_फेरी

वाघूरताईंच्या सावलीच्या प्रश्नाला जोड देते.

मी शहरात पत्र्याच्या घरांच्या वस्तीत आरोग्याचं काम करते. दुपारी पत्र्याखाली पंखा लावला की गरम हवाच फिरते, बायका पोरांना घेऊन दाराबाहेर भिंतीच्या सावलीत बसतात, सावली सरकते तशा त्या सरकतात. रात्री बाराला पत्रा थोडा निवतो. सूर्यघर योजनेत एका किलोवॅटला ३० हजार, तीन किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे, चांगलंच आहे, पण ते स्वतःचं पक्कं छत असलेल्याला. भाड्याच्या पत्र्यावर पॅनेल बसत नाही. म्हणजे ज्याच्या घरात एसी त्याचं बिल शून्य, आणि ज्याच्या डोक्यावर पत्रा त्याला पूर्ण दर. दोन उमेदवारांपैकी जो पत्र्याच्या घराबद्दल काहीतरी ठोस सांगेल, पांढरा चुन्याचा लेप, वस्तीतल्या शाळेची खोली दुपारी उघडी ठेवणं, दवाखान्यात बर्फ आणि सलाईनची तयारी, तो मला पुढचा वाटेल. यातल्या कशालाच मोठा निधी लागत नाही.

महामार्गांच्या चौपदरीकरणात कडेचे जुने कडुनिंब गेले. त्यांच्या बदल्यात लावलेली किती जगली हे वॉर्डातल्या उमेदवाराला जागेवर नेऊन विचारता येईल.

---

रावेर_केळी

मेहरूणताई, पांढऱ्या लेपाचं आमच्या शेतमजुरांच्या घरांनाही लागू करा. केळीच्या कापणीला पहाटे चारला निघणारी माणसं दुपारी झोपणार कुठे?

---

आलेख

माझा पण एक घ्या मग. मागेल त्याला सौर कृषी पंप. सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के हिस्सा, अनुसूचित जाती-जमातीला ५. अडीच एकरापर्यंत तीनचा पंप, पाच एकरापर्यंत पाचचा, त्यावर साडेसातचा. आमच्या भावकीत एकानं घेतला, पंप चांगला चालतोय, पण वादळात दोन पॅनेल फुटले आणि पुरवठादार फोनच उचलत नाही. पाच वर्षांची देखभाल कागदावर आहे. उमेदवारानं सांगावं, देखभाल न करणाऱ्या पुरवठादारावर तालुक्याला कुणाकडे तक्रार करायची आणि किती दिवसांत माणूस येणार.

---

वाघूरकाठ

आलेखभाऊ, घेतला. मास्तरांचा दिव्यांचा प्रश्न आणि हा एकत्र करते, दोन्हीत दुखणं दुरुस्तीचंच आहे.

मी आज रात्री सगळे प्रश्न पदानुसार तीन कागदांवर मांडते, खासदार, आमदार आणि पालिका-जिल्हा परिषद. उत्तर नोंदवताना हो-नाही लिहू नका. कोण, कुठे, कोणत्या तारखेला, आणि त्याचे शब्द जसेच्या तसे. "पाहू", "पाठपुरावा करू" असं आलं तर तेही तसंच लिहा. विद्यमान असेल तर त्याखाली सभागृहात विचारलेले प्रश्न आणि नियोजन समितीतून मंजूर कामं जोडायची, ते काम लाईनमन नाना आणि दीपनगर भाऊंनी घ्यावं अशी विनंती. प्रत्येक उमेदवाराला कागद तोच, पक्ष कोणताही असो. ज्याला लेखी उत्तर द्यायचंय त्यानं द्यावं, आपण ते न कापता इथे लावू.

---

निवृत्त_लाईनमन

घेतलं. फीडरनिहाय यादी तालुक्यागणिक लागेल. ज्याला आपल्या फीडरचं नाव माहीत नाही त्यानं गावाचं नाव आणि उपकेंद्र लिहा, मी सांगतो.

---

अहिराणी_बोल

मना गावनं नाव धाडस. कापडणे, धुळे तालुका.

---

दीपनगर_गेट

खासदाराच्या कागदावर राखेचा प्रश्न एफजीडीच्या वर ठेवा. धुराचं उत्तर दिल्लीकडे ढकलता येतं, राख त्याच्याच मतदारसंघात पडून आहे.

---

साक्रीकर

आणि गायरानाचा प्रश्न आमदाराच्या कागदावर पहिला. ठेलारी वाडे परत आले की मी तो त्यांच्यातल्या जाणत्यांना वाचून दाखवतो, काही बदल सांगितला तर इथे लिहितो. तोवर तो कागद पक्का करू नका, ताई.

---

वाघूरकाठ

नाही करत. त्यांचं आलं की मगच छापू.